अविधवा नवमीचं पान

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

आलो एकदाचा. चौथा मजला, सगळ्यात वरचा, आणि डोक्यावर स्वतःची गच्ची! इमारतीला लिफ्ट नाही. चौऱ्याहत्तर पायऱ्या मोजल्या, माझ्या वयापेक्षा दोनच जास्त. खाली गेटवर 'विकणे आहे, स्वतंत्र गच्चीसह' ही पाटी अजून लटकते आहे, कारण पितृपक्ष तोंडावर आलेला आणि त्यात रजिस्ट्री कोण करतो? मालक रजत, पुण्यात नोकरीला असलेला गोड बोलणारा तरुण, म्हणाला की गुरुजी, तोवर राहून बघा, घटस्थापनेला कागद करू. किल्ल्या हातावर ठेवल्या आणि दुपारच्या गाडीने निघूनही गेला. गच्ची दाखवायला मात्र वर आला नाही.

बोरी अरबच्या शाळेत मी तेहतीस वर्षं कविता शिकवली. पोरं बाकावर ठेका धरायची, लघु गुरू, लघु गुरू, आणि खिडकीतून कपाशीचं वावर दिसायचं. हिला गच्चीची फार हौस होती. कुरडया वाळवायला, चांदण्यात बसायला. भाड्याच्या दोन खोल्यांत ते कधी जमलं नाही. हिला म्हणजे माझ्या बायकोला. नाव लिहितानाही हात अडखळतो. आमच्या पिढीत नवरे बायकोचं नाव घेत नसत. चाळीस वर्षांचा संसार 'अगं'वर झाला. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि आता गच्ची मिळाली.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळचा चहा गच्चीवर. पाऊस उघडला आहे, यवतमाळभोवतीच्या टेकड्या धुतलेल्या पाटीसारख्या दिसतात. घरातूनच अरुंद जिना वर जातो, शेवटी पत्र्याचं दार. त्याला आतल्या बाजूने तीन कड्या आहेत. एका गच्चीला तीन कशाला, हे कळलं नाही. बाहेरून दाराचा गुडघ्यापर्यंतचा भाग तेवढा नव्याने रंगवला आहे.

पाखरांसाठी परळात पाणी ठेवलं होतं. चार दिवसांत कोणी चोच बुडवली नाही. शेजारच्या आवारातला कडुनिंब कावळ्यांनी भरलेला असतो, पण एकही इकडे उडत येत नाही.

स्वयंपाकाला आणि जिने झाडायला बिजलीबाई येते. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची, जिभेने तिखट. गच्चीचा जिना सोडून सगळं झाडते. विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून आलेल्या बाईचे गुडघे नेमके शेवटच्या बारा पायऱ्यांना दुखावेत!

दिपालीचा फोन आला. माझी एकुलती एक, पांढरकवड्याला नर्स आहे. बाबा, लोक म्हातारपणी खाली येतात, तुम्ही वर चढता, म्हणून हसली.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. बिजलीबाईकडून वडे, कढी, भात, कोहळ्याची भाजी, खीर करून घेतली. केळीचं पान गच्चीच्या मधोमध ठेवलं.

तास गेला. कावळा येईना. कडुनिंबावर बसून सगळे इकडे बघत होते, पण चिडीचूप. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. मी हात जोडले. "अगं, ये. हे घर तुझंच." काही नाही. मग आठवलं, जाताना तिचा जीव लेकीत अडकला होता. म्हणालो, "दिपालीला इथे आणतो. तुझ्याजवळच ठेवतो. मग तर झालं?"

पाण्याचा तांब्या आणायला खाली गेलो. परत येतो तर पान साफ. खिरीचा ओलावासुद्धा नाही, जिभेने पुसल्यासारखं. मी तिथेच बसून रडलो. आली म्हणायची.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी जेवताना गच्चीच्या दारावर थाप. बाहेरून. एक हलकी, एक लांब घासत गेलेली. लघु, गुरू. लघु, गुरू. माझ्या वृत्तांची ती अशीच थट्टा करायची. हसत वर गेलो. कोणी नव्हतं.

पावसाची सर येऊन गेली होती. ओल्या फरशीवर दारापर्यंत एका पायाचे ठसे, आणि प्रत्येक ठशाशेजारी ओढत नेल्याचा फरपटा.

हिचे पाय तर शेवटपर्यंत धड होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

दिपालीचा फोन. आई स्वप्नात आली म्हणे. गच्चीवर पाठमोरी बसलेली, म्हणाली, ये, वाट पाहून राहिले. मला गहिवरून आलं. मग दिपाली सहज म्हणाली, आईचे केस सगळे पांढरे कसे झाले हो बाबा, आणि एवढे बारीक कोणी कापले?

ही गेली तेव्हाही हिची वेणी काळी होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बिजलीबाईला समोर बसवून विचारलं. आधी भांडी घासत राहिली. मग सांगितलं. रजतची आजी. पायाने अधू. घरात घाण करते म्हणून दिवसभर गच्चीवर ठेवायचे आणि आतून कड्या लावायचे. बाई दाराशी बसून लेकीची वाट बघायची. थापा मारायची, नखांनी पत्रा ओरबाडायची. लेक कधी आली नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका दुपारी थापा थांबल्या. संध्याकाळपर्यंत कोणी दार उघडलं नाही.

आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. म्हणाली, तुमी इचारलं कुठं?

मग तिने पानाजवळ काय बोललो ते विचारलं. मी सांगितलं. तिच्या हातातली परात खाली ठेवली गेली.

"नाव नाही घेतलं? गुरुजी, आमी दिवाळीले धबुकार देतो, तवा एकेका मेलेल्याचं नाव घेऊन घास टाकतो. नुसतं 'अगं' म्हनलं तं कोनती बी बाई येईन ना. अन् तुमी तिले पोरगी देऊन बसले."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रजतला फोन केला. आजी जरा वेडसर होती, काळजीपोटीच कडी लावायचो, म्हणाला. मग हळूच विचारलं, तुम्ही तिच्याशी काही बोलला तर नाहीत ना? मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला.

दिपालीला सांगितलं, येऊ नकोस. चूक केली. माझा आवाज ऐकून ती घाबरली. रविवारी सुट्टी आहे, बारा वाजेपर्यंत पोचतेच, तुमची तब्येत बरी दिसत नाही, म्हणाली. खूप समजावलं. ऐकत नाही. आईवर गेली आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

दुसरं पान ठेवलं. या वेळी नाव घेतलं. कोकिळा. जन्मात पहिल्यांदा मोठ्याने. कोकिळा, ये.

पान तसंच. मुंग्यासुद्धा नाहीत.

तिन्ही कड्या लावल्या. थापा चालू. भर दुपारी. लघु गुरू. लघु गुरू. दाराच्या खालच्या भागातून.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या

साडेअकरा. बस अजून यायची आहे. त्याआधी वर जाऊन शब्द परत घेतो. मग गेटवरच दिपालीला गाठून पहिल्या बसने दोघं पांढरकवड्याला. वही खिशात आहे. फोन खाली चार्जिंगला —

गच्चीवर. म्हणालो, बाई, माझी चूक झाली. पोरीला सोडा. कोणी जवळ हवं असेल तर मी बसतो इथे.

मागे दार लागलं. वारा नव्हता.

एक कडी. दुसरी. तिसरी. आतून.

दारापासून खाली जिन्यावर पावलं उतरत गेली. लघु, गुरू —

ओरडून पाहिलं. चार मजले खाली कोणाला ऐकू जाणार. कडुनिंबावर कावळे, सगळे माझ्याकडे बघत.

घंटी वाजली. आपल्या दाराची. दिपाली —

दार कोणी उघडलं?

हसली ती. 'आई' म्हणाली. रडते आहे, हसते आहे —

थापा मारतो आहे. हात सुजले. आता खालून, बसून मारतो. इथे नखांच्या जुन्या खुणा, रंगाखाली —

दिपालीने विचारलं. स्पष्ट ऐकलं. वर कोण दार वाजवतंय गं?

आणि ते दुसरं, कोकिळेच्याच आवाजात: "काही नाही गं. कावळा असेल."

दिपाली, बाळा, इथे कावळे येत ना—