आधी राणी, मग कवी

३ मार्च
प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच पाल चुकचुकली. "मॅडम, अकरावीला मराठी घेणारी चौदाच मुलं. जूनमध्ये तुम्ही अतिरिक्त." अतिरिक्त म्हणजे पारनेर सोडायचं आणि भंडारदऱ्याच्या अंगाला जिथे जागा निघेल तिथे जायचं. "इंग्रजीचं एम.ए. झालं तर इथेच तास देतो." एम.ए.चा एकच पेपर अडलाय, इंग्रजी साहित्याचा इतिहास. दोनदा बसले, दोनदा आपटले. वय अठ्ठेचाळीस. मराठीच्या बाईंची नोकरी वाचवणार कोण, तर इंग्रज.

९ मार्च, रविवार
सकाळची एसटी. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगरच. विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर एम.ए.चा वर्ग. बाकं पोरांच्या मापाची, गुडघे कुठे ठेवावेत कळत नाही. गाडे सर नोट्स वाचून दाखवतात. त्याच नोट्सची झेरॉक्स आमच्यापुढे असते, तरी आम्ही पुन्हा उतरवून घेतो. नोट्स सरांच्याही नाहीत, त्यांच्या गुरूंच्या. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. पानांचे आकडे केव्हाच कापले गेलेत.
शेजारी संगीता, पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला, ही एम.ए.ला. माझ्यासारखीच दोनदा आपटलेली. सगळं तोंडपाठ. "मॅडम, समजून नका घेऊ. लई वेळ जातो."

१२ मार्च
कॉलेजच्या लायब्ररीतून खरं पुस्तक आणलं. मागच्या कार्डावर एकही नाव नाही. मीच पहिली. वाचता वाचता थांबले. आधी रोमँटिक कवींचा काळ, मग राणीचा, व्हिक्टोरियन. नोट्समध्ये उलटं. कुणीतरी कधीतरी पिन मारताना गठ्ठा खालीवर केला. सांधा जुळेना, म्हणून समासात हाताने एक वाक्य घातलंय: राणीच्या कडक शिस्तीला कंटाळून कवी निसर्गाकडे पळाले. इतकं पटण्यासारखं की दोन्ही वेळा हेच लिहून आले होते. सुवाच्य अक्षरात.

१६ मार्च, रविवार
सरांना भर वर्गात विचारलं. चुकलंच. एकटं गाठायला हवं होतं. सरांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही पेपरात विनोदी सदर लिहिता. इथे नको." पुस्तक पुढे केलं. न उघडताच परत दिलं. "समासातलं अक्षर माझ्या गुरूंचं आहे." मग फळ्याकडे तोंड करून, "तेवीसला अंतर्गत परीक्षा. तीस गुण. तपासणार मीच."
त्यात बारा पडले नाहीत तर विद्यापीठाच्या पेपरला बसू देत नाहीत. म्हणजे जून गेला.
स्टँडवर संगीता म्हणाली, "सर लई दुखावले, मॅडम." जरा वेळाने, "पन खरं काय हाय?" सांगितलं. गाडी लागेपर्यंत नोट्सचा गठ्ठा चाळत राहिली. चढताना एकदम, "म्हंजे मी दोनदा नापास झाले ती याच्यापायी व्हय?"

१९ मार्च
ह्यांना सांगितलं. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मग आतल्या परीक्षेत सरांचं लिही, बाहेरच्या पेपरात खरं लिही. त्यात काय एवढं?" काहीच नाही. अख्खी सोसायटी, झेडपी, आमचं लग्न यावरच चाललंय. पुन्हा वर, "तुझ्या सदरात दुसऱ्यांना बरं शहाणपण शिकवतेस."
झोप नाही. कंबर धरलीय. भाजीत मीठ विसरले, हे त्यावर बोललेच नाहीत. म्हणजे काळजी त्यांनाही आहे.

२३ मार्च, रविवार
प्रश्न दुसरा, पंधरा गुणांचा. रोमँटिक काळ कसा उदयास आला? दुसरं काय येणार होतं. सुरुवात सरांच्या वाक्याने केली. राणीच्या कडक शिस्तीला… पेन पुढे जाईना. प्रामाणिकपणा वगैरे नव्हे. तिसऱ्यांदा तेच वाक्य लिहायचा कंटाळा आला. काट मारली. खरं लिहिलं, दोन पानं.
सर माझ्या बाकापाशी येऊन थांबले. वाचत असावेत. पुढे गेले, परत आले. एक पुरवणी ठेवली. हळू आवाजात, "वीस मिनिटं आहेत अजून. विचार करा बाई." आवाजात राग नव्हता, तेच वाईट. पुरवणी घेतली. वर लिहिलं, उत्तर पुढे चालू. आणि खरंच पुढे चालू ठेवलं.
बाहेर संगीता नखं खात उभी. "तुमची नोकरी जायचीय, माझी अजून यायचीय. मी सरांचंच लिव्हलं. रागावू नका."
कशाला रागावू. केळी घेतली, दोघींनी खाल्ली.

२८ मार्च
संध्याकाळी संगीताचा फोन. "मॅडम, गुरुप बघितला का? सरांनी टाकलंय, रविवारी समद्यांनी नोट्स घेऊन यायच्या. पिना काढून."
"आणि गुण?"
"गुनाचं काय न्हाई लिव्हलं."
पिना काढून. तीनदा वाचलं. उत्तर द्यावं म्हणून काहीतरी टाइप केलं, पुसलं. नुसता अंगठा पाठवला. सर ऑनलाइन होते. टायपिंग दिसत होतं. मग थांबलं.