कॉम्प्युटर रविवारी रुसत नाही

प्रिय ठमे,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. आजारी होता तो कॉम्प्युटर. त्याचीच हकीकत सांगायला बसले आहे, निदान सुरुवात तरी तिथून करते.

थंडी पडली आणि त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. कुणाचा तरी प्रबंध टाइप करत असावं, तळटिपांपर्यंत पोहोचलेलं असावं, जरा पाणी पिऊन यावं आणि कामाला हात लावताच पडदा काळा. मग आपणच पुन्हा सुरू व्हायचा, काही घडलंच नाही अशा साळसूदपणे. कधी दिवसातून तीनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. आधी मी चिडायचे. पण खरं सांगू, पुढेपुढे मला तो काळा पडदा आवडायला लागला. त्यात मागची खिडकी दिसायची, दुपारचं पिवळं ऊन दिसायचं, ते तुझ्या टेबलावरून हळूहळू सरकायचं. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर थांबली की खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. तू तिथे पाय वर घेऊन बसली आहेस असंही एकदोनदा वाटलं. मागे वळून बघायचं धाडस मी केलं नाही.

दुरुस्तीला एक बाई येते. माझ्याच वयाची, चष्मा दोरीने गळ्यात, चपला दाराबाहेर काढून अनवाणी आत येणारी. पहिल्या खेपेला तिने त्याचा डबा उघडून इतकी धूळ काढली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, अदलाबदल करून बसवल्या. तिसऱ्या खेपेला पॉवर सप्लाय बदलला. प्रत्येक वेळी ती दोन-दोन तास समोर बसायची आणि हा शहाण्या बाळासारखा चालायचा. ती गेली की याचं ये रे माझ्या मागल्या. शेवटी ती म्हणाली, "बाई, हा मला घाबरतो. तुम्ही एक वही घाला. कधी बंद पडला, काय काम चालू होतं, त्याच्या आधी तुम्ही काय केलंत, सगळं लिहा."

तू असतीस तर पाच मिनिटांत सांगितलं असतंस. कॉम्प्युटरचंच शिकलेली तू, त्यात नोकरी करणारी तू. आणि ती नोकरी सोडून डोंगरात लोकर विणायला निघालीस तेव्हा दारात उभी राहून मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. विणकाम म्हातारपणी करायचं, डोकं चालेनासं झालं की. चौदा महिने झाले त्याला. तू नुसती पिशवी उचललीस. त्यानंतर तुझ्याकडून एकच गोष्ट आली, राखाडी मोज्यांचा जोड. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पुडक्याचा कागद उलटासुलटा करून तीनदा बघितला.

तर वही. तू हसशील, पण मी ती पट्टीने रकाने आखून सात आठवडे लिहिली. दुरुस्तीवाल्या बाईने ती परीक्षेचा पेपर तपासावा तशी वाचली आणि बोट ठेवून विचारलं, "रविवारी हा एकदाही बंद पडलेला नाही. रविवारी काय करता तुम्ही?" मी म्हटलं, काही नाही हो, काम असतंच, शिवाय धुणं. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग मला गालिच्यावरून चार फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाली, "आता लावा डब्याला हात." चट्कन ठिणगी उडाली, बोटाला चावा बसला आणि पडदा काळा! बाईने चक्क टाळी वाजवली. लोकरीचे मोजे, गालिचा, कोरडी हवा, चालताना घासून अंगात वीज साठते म्हणे. त्यात आपल्या भिंतीतल्या अर्थिंगचा पत्ता नाही. तुझे मोजे मी रविवारी धुते. त्या दिवशी ते दोरीवर असतात आणि मी अनवाणी.

"मोजे काढून ठेवा, झालं," ती म्हणाली. मी म्हटलं, गालिचा काढा. ज्याच्यावर तुला कधी रंगाची पेटी उघडू दिली नाही तो गालिचा आम्ही दोघींनी गुंडाळून माळ्यावर टाकला. वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं. आज नऊ दिवस झाले, कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही. मोजे पायात आहेत.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली. वहीच्या मधल्या रकान्यात, काय काम चालू होतं तिथे, मी बऱ्याचदा 'किरकोळ' असं लिहिलं आहे. ते किरकोळ म्हणजे तुला लिहायचं पत्र. 'प्रिय ठमे' लिहायचे, पुढे सुचायचं नाही, म्हणून उठायचे, पाणी पिऊन यायचे, आणि तो गिळून टाकायचा. मला सुटल्यासारखं वाटायचं. जितकी पत्रं त्याने गिळली त्याच्या दुप्पट मी स्वतः पुसली, ती वहीत नाहीत. आता तो बंद पडत नाही, मग दोष कुणाला देऊ? म्हणून पेन घेतलं. शाईचं पुसता येत नाही. ठमे, मी चुकले. इतके मऊ मोजे डोकं चालत नसलेल्या माणसाला विणता येत नाहीत. डाव्या मोज्याची टाच विरली आहे, पण मी तिला सुई लावणार नाही. तू ये आणि तुझ्या हाताने नीट कर.

वाट बघणारी, तुझीच
आई