परातीवरची तिसरी वाटी

बाक निन्ह,
रविवार, १२ जुलै

आई,

तुम्हाला आणि बाबांना नमस्कार. बाबांचा गुडघा आता कसा आहे? लुओंगने पाठवलेलं मलम ते लावतात की तसंच कपाटात ठेवून दिलंय? तुम्ही बसवाल्याबरोबर धाडलेली अंडी एकही न फुटता पोचली. मिठातल्या छोट्या वांग्यांची बरणी मात्र लुओंगने उभ्याउभ्याच अर्धी केली. मी ओरडले तर म्हणतो, माझ्या आईच्या हातची आहेत, तुला काय करायचंय.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल, की फोन असताना ही बाई कागद का काळे करत बसलीय. पण फोनवर तुम्ही "जेवलात का" विचारता, मी "हो" म्हणते, आणि लगेच फोन तेपच्या हातात जातो. पोरगी तिच्या बदकांची खबर सांगते आणि पळते. माझं बोलायचं राहूनच जातं. कागद असा दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही, तो वाचावाच लागतो. म्हणून लिहिलं.

आधी इकडचं सांगते. कारखान्यातला ओव्हरटाइम मी सोडला, लुओंगनेही रात्रपाळी सोडून दिवसपाळी घेतली. सुपरवायझरने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, घरी जाऊन भात लावायचा आहे. तो हसला, मागच्या लाइनीतल्या बायकाही हसल्या. हसू देत. वेळ झाली की मी टोपी काढते, हात धुते आणि निघते.

पहिल्या आठवड्यात नाकी नऊ आले, हे कबूल करते. तुमच्याकडचं जेवण मला येत होतं. सणाचं, श्राद्धाचं, दिवसभर चुलीपाशी बसून करायचं ते सगळं तुम्ही मला शिकवलंत. पण कामावरून यायचं, अंगातला घाम वाळलेला नाही, भुकेलं माणूस दारात उभं आहे, अशा वेळी करायचं जेवण वेगळं असतं. ते मला कोणीच शिकवलं नव्हतं. लग्नाआधी मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवायचे आणि लग्नानंतरही तेच. पहिल्या दिवशी मी डुकराचं मांस गुळात शिजवायला घेतलं. ते होईपर्यंत लुओंग चटईवर बसल्याबसल्या झोपून गेला.

मग शेजारच्या खोलीतल्या न्यानताईंनी मला ताब्यात घेतलं. त्या रात्रपाळीला जातात, दोन मुलं वाढवली आहेत, आणि तोंडाने भारी फटकळ. माझं पातेलं बघून म्हणाल्या, "सोमवारच्या दिवशी तुला नवस फेडायचाय का? घरी जेवण कर, मेजवानी नको."

आता मी असं करते. तांदूळ सकाळीच धुऊन कुकरच्या भांड्यात ठेवायचे. संध्याकाळी दोघांपैकी जो आधी येईल त्याने चपला काढायच्या आधी बटण दाबायचं. भात शिजेपर्यंत बाकीचं सगळं झालंच पाहिजे, हा नियम. नाळीची भाजी उकडायची, भाजी बाजूला काढून त्याच पाण्यात टोमॅटो आणि आंबट फळ कुस्करलं की सार तयार. लुओंग म्हणतो, हे तर पाणी वाया न घालवणं झालं. मी म्हटलं, आवडत नसेल तर पिऊ नकोस. तो रोज पितो. सोबत कधी टोमॅटोतला टोफू, कधी तुमची अंडी. रविवारी थोडा खिमा करून माशाच्या सॉसमध्ये परतून ठेवते, तो निम्मा आठवडा पुरतो. पाकिटातल्या शेवया घरात आणणं बंद केलंय. लुओंगने एकदा लपवून आणल्या होत्या, त्या मी न्यानताईंच्या मुलांना देऊन टाकल्या.

आणखी एक सांगते, पण हसायचं नाही. जेवताना मधे ठेवायच्या परातीवर मी तीन वाट्या मांडते. तीन वाट्या, खायच्या काड्यांचे तीन जोड. एकदा न्यानताई डोकावल्या आणि विचारलं, कोण येणार आहे? लुओंगने खाली बघितलं. मी म्हटलं, येणार आहे.

आई, आता मुद्द्यावर येते, नाहीतर कागद संपेल आणि मी पुन्हा गुडघ्याचीच चौकशी करत बसेन.

तेप दोन वर्षांची असताना तुम्ही तिला घेऊन गेलात. तेव्हा दारात उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, "ज्या घरात संध्याकाळी भात शिजत नाही, त्या घरात माझी नात राहणार नाही." मला फार राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण तुम्ही खोटं बोलला नव्हतात. आमच्याकडे भात शिजतच नव्हता. मी आले की लुओंग निघायचा, आणि पोरीला आम्ही मधल्या मधे काहीतरी भरवायचो. तुम्ही तिला नेलंत, सांभाळलंत, गोवरात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलात. ते मी विसरणार नाही. पण तुम्ही जे बोललात ते तेव्हा खरं होतं, आता नाही.

वसंतात आजेसासऱ्यांच्या श्राद्धाला मी एकटीच आले होते, लुओंगला सुटी मिळाली नव्हती. तेव्हाची एक गोष्ट आपण दोघींनी आजवर तोंडातून काढलेली नाही. परात मांडली, सगळे बसले. सगळ्यांत लहान म्हणून तेपने हात जोडले आणि एकेकाला जेवायला बोलावू लागली. आजोबा, जेवा. आजी, जेवा. काका, जेवा. आणि काड्या उचलल्या. मी तिच्या शेजारीच बसले होते.

कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही माशाच्या पोटाकडचा तुकडा उचलून माझ्या वाटीत ठेवलात. मी तो खाल्ला. कसा गिळला ते मला माहीत.

तिची चूक नाही, आई, आणि तुमच्या शिकवण्याचीही नाही. रोज परातीशी जे असतात, त्यांचीच नावं तिच्या तोंडात बसली आहेत. म्हणूनच मला रोज परातीशी असायचं आहे.

परवा फोनवर तिने मला विचारलं, तुमच्याकडे रात्री जेवायला काय असतं? आधी हे विचारलं असतं तर पाकिटातल्या शेवया सांगाव्या लागल्या असत्या. परवा मी तिला सार, टोफू, भाजी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, खेकड्याचं सार नाही? मी म्हटलं, तू आलीस की करीन.

सप्टेंबरात शाळा सुरू होतेय. इथल्या शाळेत तिचं नाव घातलंय. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं तिला न्यायला येतोय. मी परवानगी मागत नाहीये, आई. रागवा, बोला, बाबांना सांगून मला चार शब्द सुनवा. पण ती येणार आहे.

तुमचं घर कसं सुनं होईल ते मला कळतं. मला नाही कळणार तर कोणाला कळणार? म्हणून तर फोनवर जीभ रेटत नव्हती. एकच मागते. निघताना तिच्यासमोर रडू नका. तुम्ही रडलात तर मीही रडेन, आणि मग तिला गाडीवर बसवायचं कोणी?

तुमची सून,
थोआ


बाक निन्ह,
मंगळवार, २१ जुलै

आई,

तुम्हाला आणि बाबांना नमस्कार. तुम्ही रडला नाहीत. गोठ्यामागे जाऊन आलात ते मी पाहिलं, पण तिने नाही पाहिलं. तुमचे उपकार.

शनिवार-रविवार तुम्ही बांधून दिलेल्यावरच निघाले. तेप कोपऱ्यात बसून, वाटी मांडीवर घेऊन खात होती. परातीशी आली नाही. आम्हीही ओढलं नाही. काल सोमवार होता, कामाचा पहिला दिवस, म्हणजे खरी परीक्षा कालच होती. ती कशी झाली ते सगळं सांगते, काही लपवत नाही.

दिवसभर ती न्यानताईंकडे होती. मी कामावरून सुटता सुटता आमच्या लाइनीतलं मशीन अडलं. ते सुरू होईपर्यंत सुपरवायझर कोणाला हलू देईना. बाजारात पोचले तर खेकडे कुटून देणारी बाई दुकान आवरून गेलेली. खेकड्याचं सार तिथेच संपलं. मिळाली ती नाळीची जुडी आणि टोफू घेऊन धावत घरी आले. लुओंग आधीच आला होता, तेप त्याच्याजवळ बसली होती. मी विचारलं, भात? तो म्हणाला, कधीच लावलाय, दिवा पेटलाय बघ. मी झाकण उघडलं. दिवा पिवळा होता, आई. त्याने भात शिजवायचं सोडून नुसता गरम ठेवायचं बटण दाबलं होतं. तांदूळ कोमट पाण्यात फुगून बसले होते.

दारात उभं राहून बोललेले तुमचे शब्द जसेच्या तसे कानात वाजले. लुओंगचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, मी कोपऱ्यावरून सगळ्यांना शेवयांचा गरम फो घेऊन येतो, आजच्या दिवस चालेल. तेप आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "नाही. भात इथेच शिजेल, आणि आपण थांबू."

बटण दाबलं आणि भाजी निवडायला जमिनीवर बसले. घाईत देठ कसेही मोडत होते. थोड्या वेळाने तेप येऊन समोर उकिडवी बसली. माझ्या हातातली भाजीची काडी घेतली, बोटांत फिरवून पेरापाशी टच्‌कन मोडली आणि म्हणाली, आजी अशी मोडते. दोन दिवसांत ती माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मग जुडी तिनेच संपवली. मी टोफू तळला, तो फुटला. टोमॅटोत घातल्यावर फुटलेला दिसत नाही, हे न्यानताईंचंच ज्ञान.

परात मांडली. तीन वाट्या. तेप आली आणि आपल्या वाटीपुढे बसली. हात जोडले नाहीत, तोंड उघडलं नाही. लुओंगचा हात काड्यांकडे गेला, मी डोळे वटारले तसा परत आला. लहानाने बोलावल्याशिवाय कसं जेवणार? सार निवत चाललं. तेप खाली मान घालून चटईचा दोरा ओढत बसली. तिला जबरदस्ती करायची नाही हे मी ठरवलं होतं, आणि उठायचं नाही हेही.

मग मलाच सुचलं. असं बोलावण्यात ह्या घरात नवी मी आहे, तर लहान मीच. मी हात जोडले. डोळ्यांपुढे पहिल्यांदा तुम्हीच आलात, म्हणून म्हटलं, "आई, जेवा."

तेपने झटकन मान वर केली. "चुकलं. आधी आजोबा."

मी म्हटलं, "मग तूच म्हण बाई. मला नीट येत नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की हुबेहूब तुम्हीच. पाठ ताठ केली, हात जोडले, आणि दाराकडे तोंड करून, कारण गाव तिकडे आहे असं तिला वाटतं, म्हणाली, "आजोबा, जेवा. आजी, जेवा." मग लुओंगकडे वळून, "बाबा, जेवा." मग थांबली. मी साराकडे बघत राहिले. वर बघायची छाती होईना.

"आई, जेव."

भात तळाशी थोडा लागला होता आणि वर थोडा कच्चा होता. तेपने वाटी पुन्हा पुढे केली. लुओंग चुलीकडे तोंड करून खोकत होता, त्याला सर्दी झालीय म्हणे.

झोपताना ती तुमच्यासाठी रडली, हेही सांगते. बदकांसाठीही रडली. आज संध्याकाळी मात्र मी यायच्या आधी तिने बटणापाशी बसून बाबांवर पहारा केला. पिवळा दिवा लागला तर मी ओरडणार, असं त्याला बजावून ठेवलं होतं.

आई, मी आणखी दोन वाट्या आणल्या आहेत. बाबांचा गुडघा बरा असेल तर येत्या रविवारी पहिल्या बसने दोघं या. आमच्या परातीशी रोज सगळ्यांच्या आधी तुमची दोघांची नावं घेतली जातात. नुसत्या नावाने किती दिवस जेवणार?

तेपची आई,
थोआ