एकेचाळीस नंबरवर बसलेली मेंढरं

१३ एप्रिल, रविवार

झाला एकदाचा प्लॉट! पेडगावच्या रस्त्याला, नंबर एकेचाळीस. एजंट म्हणे, "मॅडम, पूर्वी हितं कुत्रंबी फिरकत नव्हतं." खोटारडा! फिरकत होतं की — आमचंच. हे सितारामकाकांचं रान. उन्हाळ्यात खतासाठी आबा इथंच मेंढरं बसवायचे, काका त्याबद्दल ज्वारी द्यायचे. मी पालाबाहेर बसून पाढे म्हणायची. आता तिथं कमान आहे. कमानीवर कारंज्याचं चित्र. नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा!

१६ एप्रिल

आबांना फोन. "मेंढरं विका अन् आमच्याकडं राहायला या." आई गेल्यापासून चौथ्यांदा सांगितलं. म्हणाले, "बगू." बगू म्हणजे नाही. सत्तरीचा माणूस, हे ऊन, आणि मेंढरं बसवायला बोलावणारं कुणी उरलेलं नाही. जिकडंतिकडं प्लॉटांच्या चुन्याच्या रेघा. मी चुकीचं काय बोलले?

२० एप्रिल, रविवार

आबांना प्लॉट दाखवला. नागेश, म्हणजे आमचे पतिदेव, मोबाइलवर नकाशा दाखवत होते. आबांनी ढेकूळ उचललं, चुरगाळलं. मग सरळ चालत निघाले. "हितं तुझ्या मायचा चुला असायचा." तिथं आता तीन मजली इमारत. गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. आबा वर बघत म्हणाले, "लय मानसं झाली की गं!" रागानं नाही, कौतुकानंच. रडू मलाच आलं. आईची भाकरी, धूर, ओल्या लोकरीचा वास — सगळं एकदम आठवलं.

२४ एप्रिल

दर पुन्हा चढला म्हणे. नागेश खूश. मी नुसतं हो म्हटलं.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या अक्षय तृतीया, भूमिपूजन. आणि आज दिवस मावळता आबा आले — सगळी मेंढरं घेऊन! कॉलनीत कल्ला. शेजारच्या चांगुणाबाई ओरडल्या, "ओ बाबा, हितं गोठा करायलाव का?"

आबा शांत. "येक रात बाई. पाया खांदायच्या आदी भुईला खाऊ घालू द्या."

म्हटलं, आबा, इथं सिमेंट पडणार आहे, ज्वारी नाही! ऐकतील तर शप्पथ. जाळी लावली, मेंढरं बसवली. मग मीही बसले त्यांच्यात. एक कोकरू मांडीवर येऊन झोपलं. थोड्या वेळानं चांगुणाबाईच चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्या रानातबी बसायची हो." आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

३० एप्रिल

आबा पहाटेच मेंढरं पोचवून पूजेला परत आले. लेंड्यांतच नारळ फोडला. भटजींनी नाक मुरडलं, मुरडू देत! मी मात्र मनाशी पक्कं केलंय, आबांना आता मेंढरं विका म्हणायचं नाही. कधीच नाही. उद्या सुट्टी आहे. पेडगावला आबांच्या घरी जाऊन तोंडावर सांगते.

१ मे

मेंढरांचा वाडा रिकामा. आबा पिशवी भरून ओट्यावर बसलेले. म्हणाले, "पलाट दावलास त्याच हप्त्यात इकली, पाथरीच्या बन्सीधरला, त्यो सध्या हितंच जवळ उतरलाय. परवा येका रातीपुरती मागून आनली व्हती. चल, यायलोय तुझ्याकडं."

सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. पिशवी उचलली.