खाटेची उंची

चाचा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते मला सुचत नाही. घरी सांगितलं तर मला सावरतील, म्हणतील यात तुझा काय दोष. तुम्ही तसं म्हणाला नसतात. तुम्ही हातातला रंधा खाली ठेवला असतात, चष्मा कपाळावर सरकवला असतात आणि गप्प बसून राहिला असतात. मला आज तेवढंच पाहिजे आहे.

पाचोडहून शहरात येऊन डिप्लोमा केला आणि औरंगपुऱ्यामागच्या तुमच्या लाकडी सामानाच्या कारखान्यात कामाला लागले, तेव्हा घर सजवणं म्हणजे रंग, पडदे आणि कागदावरच्या सरळ रेघा, एवढंच मला कळत होतं. पहिल्याच महिन्यात एका बाळंतिणीच्या खोलीचं काम आलं. मी उंच, देखणा पलंग काढला, त्याखाली खण. तुम्ही कागद पाहिला. तेवढ्याच उंचीचा एक तयार पलंग मधोमध ओढलात, शेजारच्या गिरणीतून पाच किलो पिठाची पिशवी आणलीत आणि माझ्या हातात दिलीत. "ये तेरा बच्चा. अब लेट." मी आडवी होते. "पोट पे टाके पडे, समझ. हात नक्को टेकना. अब उठ." मला उठता येत नाही. पाय जमिनीला लागत नाहीत, पिशवी कुशीतून घसरते, सगळे कारागीर हसतात, आणि लाजेनं मीही हसते. तुम्ही मात्र हसत नाही. रागावलात की तुम्ही मराठीत यायचात. "हसू नको, बेटी. आमची बायको दुसऱ्या बाळंतपणात अशाच पलंगावरून उतरताना पडली. लई दिवस उठली नाय. तवापासून मी पलंगाची उंची पट्टीनं मोजत नाय, बाईच्या गुडघ्यानं मोजतो." मग करवत घेऊन त्या पलंगाचे चारी पाय तुम्ही माझ्यासमोर कापलेत. पुढं पंचवीस वर्षं बाळंतिणींच्या खोल्या हेच माझं काम झालं. पाळणा आईच्या हाताच्या अंतरावर, पाजायला बसायची जागा भिंतीला पाठ टेकेल अशी, दिवा असा की लेकराच्या डोळ्यांवर येणार नाही. लोक विचारायचे कुठं शिकलात, मी तुमचं नाव सांगायची.

दीड वर्षापूर्वी एका संस्थेनं शहराबाहेर निवारा बांधायला काढला. नवऱ्यानं टाकलेल्या, घरच्यांनी दार लावून घेतलेल्या कोवळ्या आयांसाठी आणि त्यांच्या तान्ह्यांसाठी. आतलं सगळं काम माझ्याकडं आलं. मी सहा खाटांची खोली काढली, खाटा बुटक्या, प्रत्येकीला लागून पाळणा. अध्यक्षांनी कागद उलटा करून ठेवला. "बाई, एवढ्या जागेत दहा जणी बसतील. खाटा उंच करा, खाली त्यांच्या पेट्या राहतील. आणि लेकरं वेगळ्या खोलीत, काचेतून दिसली म्हणजे झालं. या मुलींना शिस्त लावायची आहे, लाड करायचे नाहीत." मी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा भांडले नाही. मी सोडलं तर दुसरं कुणी याहून वाईट करेल, असं मनाला समजावलं आणि दहा उंच, अरुंद लोखंडी खाटा काढून दिल्या. चाचा, मधली ती काचेची भिंतसुद्धा माझ्याच हातची आहे.

तिथं आलेली एक मुलगी लासूर स्टेशनच्या पलीकडच्या एका खेड्यातली, एकोणीस वर्षांची. सासरच्यांनी आठव्या महिन्यात बाहेर काढली. ऑपरेशन करून मुलगा झाला, आणि तो वीस दिवसांचा असताना ती निवाऱ्यात आली. ठरलेल्या वेळी पाजायचं, मग लेकरू काचेच्या आत. एका दुपारी राखणारी बाई जेवायला गेली तेव्हा तिनं लेकरू उचललं आणि आपल्या खाटेवर घेऊन झोपली. पावलं वाजली तशी दचकून उठायला गेली. टाके ओढले, पाय जमिनीला लागले नाहीत, लेकरू हातातून फरशीवर गेलं.

ते जगलं. डाव्या हातात अजून जोर आलेला नाही.

अध्यक्षांनी मला बोलावून एक पत्र पुढं केलं. सामान योग्य मापाचं आहे, आईनं नियम मोडला म्हणून हे घडलं. मी सही केली. ते पत्र लेकरांचा निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढं गेलं, लेकरू शिशुगृहात गेलं आणि मुलीला तिचा भाऊ घेऊन गेला. आठ दिवस गेले. मग मी समितीपुढं जाऊन दुसरं पत्र दिलं, की खाट चुकीची आहे, ती मी काढली आहे, पोरीचा दोष नाही. तिथल्या बाईंनी दोनदा वाचलं. "हे आधी का नाही सांगितलंत? आता आईला घेऊन या. ठरल्या मुदतीत ती आली नाही तर लेकरू दत्तक द्यायला मोकळं होईल." मी त्या खेड्यात गेले. भाऊ दारातच आडवा उभा राहिला. "ती इथं नाय. आमची लई इज्जत गेली, बाई. पुन्हा येऊ नका." शेजारणीनं पदराआडून सांगितलं, ऊसतोडीला धाडली, कोणत्या टोळीबरोबर ते माहीत नाय. ओल्या टाक्यांची पोर, चाचा, मोळ्या उचलायला धाडली. मी तीन साखर कारखान्यांवरच्या खोप्या हिंडून आले. शिशुगृहात मला लेकराला बघू देत नाहीत, मी त्याची कुणी नाही. मुदत संपायला आता फार दिवस उरले नाहीत आणि मला कुठला रस्ता दिसत नाही. निवाऱ्यात त्या खाटेवर दुसरी मुलगी आली आहे.

आणखी एक आहे, ते दुसऱ्या पत्रातही मी लिहिलं नाही. लेकरू पडायच्या आदल्या आठवड्यात मी कपाटांची मापं घ्यायला तिथं गेले होते. ती भिंतीला धरून माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्हाला लेकरू हाय का?"

"आहे," मी फितीवरची नजर न काढता म्हणाले. बिनमुलाच्या बाईचं या कामात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून हे खोटं माझ्या तोंडात बसून गेलं आहे.

"मंग ते तान्हं असताना कुठं निजायचं?"

"माझ्याजवळ. कुशीत."

ती हसली. तिला हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं. "व्हय ना? मला वाटलंच."

मला मूल झालं नाही, चाचा. हे मी कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं, आणि आता लिहिलंय ते या पत्राला धाडायला पत्ता नाही म्हणून.