तीस तासांच्या सह्या

४ ऑगस्ट, सोमवार

बेचाळीस नावं. एका दुपारीत बेचाळीस पोरं 'स्लो लर्नर' झाली — आणि केली कोणी? मी!

विभागप्रमुख झाल्यापासून वाकळे सर स्वतः येत नाहीत, शिपाई सखाराममामांकडून निरोप धाडतात. मी गेले. समोर एक्सेल उघडून ठेवलेलं. मागच्या सत्रात चाळीस टक्क्यांच्या खाली जो, त्याची ओळ लाल करायची. बस्स. कमी का पडले, घरी काय आहे, कळतं का नाही — काही विचारायचं नाही.

"मूल्यांकन समिती येतेय, मॅडम. मागं पडणारे विद्यार्थी आपण कसे ओळखतो, त्यांना काय मदत करतो — त्याची फाईल लागते. ती तुम्ही बघा."

मी विचारलं, मग जादा वर्ग कधीपासून घ्यायचे?

सर म्हणाले, "फाईल म्हणालो मी."

आठ वर्षं तासिका तत्त्वावर. दर जुलैला नवी ऑर्डर येते की नाही, हे बघत बसायचं. यंदा भौतिकशास्त्राची एक कायम जागा निघणार म्हणतात. एकच. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? केल्या ओळी लाल.

६ ऑगस्ट, बुधवार

यादी बोर्डावर लागली. खाली माझ्या सहीची नोटीस — उद्यापासून रोज दुपारी चार ते पाच, खोली क्रमांक बारा, उपचारात्मक वर्ग. उपचारात्मक! जसं काही पोरांना गोवरच झालाय.

बोर्डापुढं ही गर्दी. एकमेकांची नावं मोठ्यानं वाचून हसत होती. कँटीनपर्यंत "ए स्लो!" अशा हाका. एक स्कार्फवाली पोरगी लांब उभी होती. सगळे पांगल्यावर पुढं आली आणि मोबाईलवर यादीचा फोटो काढला. मनात म्हटलं, झालं — आता ही तक्रार करणार.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

सव्वाचारला प्रॅक्टिकलचं रजिस्टर शोधत बारा नंबरला गेले. दार लोटलं, तर ती पोरगी आत! पहिल्या बाकावर, वही उघडी, वर तारीख टाकलेली.

"मॅडम, मी गुरुवारपासून येतेय. कुणीच येत नाय. टाइम बदलला का?"

तीन दिवस एकटी बसून जातेय! "उद्यापासून सुरू होतंय," म्हणाले. धडधडीत खोटं.

नाव रुक्सार शेख. बी.एस्सी. दुसरं वर्ष. अब्बूंचं औरंगपुऱ्यात बुक-बाइंडिंगचं दुकान आहे. फोटो कशाला काढला होतास, विचारलं. म्हणाली, "अब्बूंना दाखवायला. कॉलेज फुकट शिकवणी देतंय म्हणून. लई खुश झाले ते."

यादीत नाव आलं म्हणून आनंद झालेलं बेचाळिसातलं हे एकच घर असेल.

१२ ऑगस्ट

वर्ग घेतला. एका पोरीचा. मेकॅनिक्स.

तिला गणित येतं! आकडे दिले की भराभर सोडवते. मग दोनदा नापास कशी? जुनी प्रश्नपत्रिका पुढं ठेवली. तिनं पेन्सिलनं खुणा केल्या — हा सोडला, हाही सोडला. सोडलेला प्रत्येक प्रश्न लांब इंग्रजी वाक्याचा. 'हेन्स' आला की पुढचं वाचायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलेलं. दहावीपर्यंत उर्दू माध्यम. "हेन्सचा मतलब मला वाटला, हे लई अवघडवालं असतं."

हेन्स म्हणजे 'म्हणून' गं बाई! नुसतं 'म्हणून'!

हसली. मग पेन्सिलच्या खुणा एकेक करून मोजायला लागली. दोन पेपर त्या एका शब्दापायी गेले तिचे. आणि आमच्या एक्सेलमध्ये — लाल ओळ.

२१ ऑगस्ट

आता पाच जण येतात. सत्यम पिशोरहून एसटीनं येतो. माझ्याच गावचा निघाला! त्याची शेवटची गाडी चुकू नये म्हणून पाचला पाच कमी असतानाच सोडावं लागतं. मोनिका काहीच बोलत नाही, पण येते. रुक्सार सगळ्यांना 'हेन्स' समजावून सांगते, जसा काही तिनंच शोध लावलाय.

हजेरीच्या कागदावर रुक्सार उर्दूत सही करते. वळणदार, एका झटक्यात. सत्यम म्हणाला, मला शिकव. तासाची दहा मिनिटं त्यात गेली. जाऊ देत.

वाकळे सर दारातून डोकावले. "खरंच घेताय?" नाराज नव्हते. "बरं आहे. फोटो काढत जा, तारीख-ठिकाण येणारा." बास, एवढंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

रुक्सार कालपासून नाही. फोन केला. आई — जाहेदाबी — घाटी दवाखान्यात ॲडमिट, पित्ताशयाचं ऑपरेशन. घरात दुसरी बाई नाही. "मॅडम, आठ-दहा दिवस नाय जमणार. नोट्स सत्यमकडून घेते."

आईकडे बघ आधी, म्हणाले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी फाईल उघडून मोजलं. चौदा वर्ग, पाच पोरं.

"तीस लागतील. सात ऑगस्टपासून आजपर्यंत, रोजचा एक. आणि बेचाळीसच्या बेचाळीस हजर नकोत, ते खोटं वाटतं. तीस-पस्तीस ठेवा."

मी म्हटलं, सर, पोरं आलीच नाहीत.

"नाव यादीत आहे म्हणजे आली. सोमवारी फाईल द्या." मग जरा हळू आवाजात, "मुलाखतीच्या वेळी प्राचार्य मला विचारतात, मॅडम. कोण कामाचं आहे म्हणून."

रिक्षात बसले, पैसे देऊन उतरले आणि दुसऱ्याच गल्लीत उभी होते. आपलं घर कुठल्या बाजूला, क्षणभर कळेना.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून सह्या.

चार पेनं घेतली. काही डाव्या हातानं केल्या. काही तिरक्या, काही नुसती आद्याक्षरं. जेवणापर्यंत सहाशे झाल्या असतील. मनगट भरून आलं.

आई समोर मेथी निवडत बसली होती. "काय गं लिहितीस एवढं? हात दुखत नाय का?" पोरांच्या सह्या, म्हटलं. कॉलेजचं काम. आईनं मेथी बाजूला सारली, हात पुसले. "दे इकडं, दोन मी करते. मला येती सही." आणि मी अडवायच्या आत, मन लावून, जीभ दातात धरून, चौदाव्या नंबरपुढं लिहिलं — मनकर्णाबाई!

मला हसू फुटलं. मग रडूच यायला लागलं. आई घाबरली. "चुकलं का माझं?"

नाही गं आई. तेवढी एकच खरी आहे त्यात.

तो कागद परत छापून आणला.

रुक्सारपाशी आले आणि हात थांबला. उर्दू मला येत नाही. 'आर. शेख' असं इंग्रजीत लिहिलं. प्रत्येक दिवशी. आता शाई वाळल्यावर आठवतंय की पोरगी मधे आठ-दहा दिवस दवाखान्यात होती. पण परत सगळं छापायचं त्राण नाही. कोण बघतंय?

७ ऑक्टोबर, मंगळवार

समिती आली. प्रवेशद्वारात रांगोळी, पोरींना नऊवारी, लेझीम. आमच्या खोलीत सहा मिनिटं. एका सरांनी माझी फाईल उचलली, जाडी बघितली, चार पानं उलटली. "व्हेरी सिस्टिमॅटिक!" वाकळे सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी नमस्कार केला.

कौतुक झालं की माणसाला बरं वाटतं म्हणतात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. परीक्षेचे फॉर्म सुरू झालेत. आणि रुक्सारचा फॉर्म नाकारला.

हजेरी कमी पडते. तिनं अर्ज दिला होता — आई दवाखान्यात होती, सोबत डिस्चार्ज कार्ड. अशांना सूट मिळते. पण ऑफिसनं पडताळणीसाठी माझी फाईल काढली. ८ ते १७ सप्टेंबर, दुपारी चार ते पाच, रुक्सार शेख — हजर. रोज!

शेरा मारलाय : 'सदर विद्यार्थिनीचे कारण असत्य. पुरेसे मार्गदर्शन देऊनही प्रगती नाही.'

माझ्या हातानं लिहिलेल्या सहीवरून ती खोटारडी ठरली. वर तीस तास शिकवूनही न सुधारलेली!

ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. तो कागद तिनं ऑफिसात बघितला होता. "मॅडम, मी इंग्रजीत सही करतच नाय. तुम्हाला तर माहिताय. ऑफिसवाल्यांनी केली असल ना?"

मी टेबलावरचे पेपर सारखे करत राहिले.

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही तर रोज वर्गात होता."

बघते, म्हणाले. 'बघते'! लाज वाटायला पाहिजे होती. वाटत होती, तरी तेच म्हणाले.

३१ ऑक्टोबर

तिचे अब्बू आले. इलियासभाई. बोटांना खळ लागून वाळलेली, बहुतेक दुकान तसंच टाकून आले असावेत. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्ही पोरीला शिकवलं, तुमचे लई उपकार. भांडायला नाय आलो. फक्त एक समजावून सांगा. कागदावर माझी पोरगी रोज चारला इथं हजर हाय. मग घाटीत तिच्या अम्मीला हातानं पेज कोण भरवत होतं?"

पाणी विचारलं. नको म्हणाले. दारातून वळून म्हणाले, "घरात ती झोपेना झालीय. म्हणती, अब्बू, मी खोटी नाय. मी म्हटलं, मला माहिताय बेटा. पण मला माहीत असून फॉर्म थोडाच भरला जातो?"

१ नोव्हेंबर, शनिवार

सरांकडे गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, सर, दुरुस्ती करू. त्या तारखांना ती नव्हती, चुकून लागली हजेरी, असं पत्र देऊ.

"एका नावाची चूक निघाली की बाकीच्या सह्या तपासतील. पस्तीस पोरांना बोलावलं तर? त्यांना बारा नंबर कुठंय तेसुद्धा माहीत नाही. त्या फाईलवर तुमची सही आहे, माझी आहे, प्राचार्यांची आहे. समितीचा अहवाल यायचाय." पेपरवेट फिरवत राहिले. "वीस तारखेला मुलाखत आहे तुमची. पोरीचं एक सत्र जाईल, मॅडम. आयुष्य नाही. पुढच्या वेळी बसेल."

तिसऱ्यांदा बसेल, म्हटलं मी.

त्यांनी पेपरवेट खाली ठेवला. मग म्हणाले, "मी अकरा वर्षं तासिकेवर काढली. असंच एक प्रकरण होतं. मलाही एकानं गप बसा म्हणून सांगितलं. बसलो." खिडकीकडे बघत होते. "त्या मुलाचं नाव अजून आठवतं मला. हे तुम्हाला कशाला सांगतोय, कुणास ठाऊक."

फॉर्मची मुदत सोमवारी पाचला संपते.

बोलले तर जागा जाईल. आठ वर्षं जातील. नोकरीच्या जोरावर तर आईला पिशोरहून इकडं आणलं. भावाच्या दारात परत कशी नेऊ तिला? नाही बोलले तर मुलाखत, ऑर्डर, कायम. आणि मग तीस वर्षं त्याच इमारतीत चार वाजणार, रोज.

२ नोव्हेंबर, रविवार

काही केलं नाही. कपडे धुतले. पंखे पुसले. सत्यमचा मेसेज आला — मॅडम, उद्या वर्ग आहे का? रुक्सार येत नाही म्हणते.

उत्तर दिलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता वाती वळत राहिली. मग म्हणाली, "पोरीची आई आता बरी हाय का?" तेवढंच. मी सांगितलं, बरी आहे. "मंग चांगलं झालं," म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळं लिहून द्यायला अर्धा कागद लागला. वर्ग चौदा झाले, पोरं पाच होती, बाकीच्या सगळ्या सह्या मी घरी बसून केल्या. दुसऱ्या कुणाचंही नाव घातलं नाही. प्राचार्यांनी दोनदा वाचला. साडेतीनला रुक्सारचा फॉर्म घेतला. चारला मला उद्यापासून येऊ नका म्हणाले.

घरी आले. आईनं विचारलं, आज लवकर? व्हय, म्हटलं. भूक लागलीय, वाढ.