श, ष, स यांची रजा

नोएडा, सेक्टर ५०
बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. सौ. अहिल्येस,
दादाचे अनेक आशीर्वाद, आणि एक तक्रार.

आधी तक्रार, कारण प्रकरण गंभीर आहे. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर तू जे 'सुप्रभातम' पाठवतेस, त्यातल्या शेवटच्या म चा पाय मोडलेला नाही. ज्याचा पाय मोडायला हवा, तो मकार कऱ्हाडहून नोएडापर्यंत धडधाकट चालत येतो आणि माझ्या पहिल्या चहात माती कालवतो. अण्णांनी भल्या सकाळी उठवून आपल्याकडून शब्द चालवून घेतले, ते याचसाठी का? 'नदी' चालवताना तुला सप्तमीच्या आसपास डुलकी लागायची आणि मी कोपराने ढोसून तुला संबोधनापर्यंत पोचवायचो, हे मी विसरलेलो नाही.

पण ते फूल थांबवू नकोस. आपलं बोलणं बंद आहे, तरी फूल एकही दिवस चुकलेलं नाही. माणसावर रागवायचं आणि त्याची सकाळ शुभ जावो असंही म्हणायचं, हे तूच करू जाणे.

इकडची हवा नेहमीसारखीच आहे, म्हणजे डोळ्यांना दिसते. खिडक्या बंद, घरात ते हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरतंय. तुझी चेतनावहिनी बरी आहे. प्रतीकने नवी नोकरी धरली. त्याचं मराठी दिवसेंदिवस अधिक राष्ट्रीय होत चाललंय. परवा म्हणाला, "बाबा, भाजीमध्ये नमक थोडं तेज आहे यार." वाक्यात मराठी म्हणून फक्त 'भाजीमध्ये', 'थोडं' आणि 'आहे' उरलं होतं, पण जेवण सगळं संपवलंन, त्यामुळे व्याकरणाचा मुद्दा मी सोडून दिला. ऑफिसात मी अजून इंग्रजी फायलींचं सरकारी हिंदी करतो. आमचे साहेब हल्ली मीटिंगमध्ये सर्वांदेखत म्हणतात, "सुधन्वाजी बहुत ध्यान से सुनते हैं." त्यांना तसं का वाटतं, ते पुढे येईलच.

मुरलीधररावांचं सगळं मला कळत होतं. अँजिओग्राफी, मग स्टेंट, मग घरी येऊन पहिल्याच दिवशी चोरून खाल्लेली भजी. चेतना तुझ्याशी बोलायची आणि फोन ठेवल्यावर मला सांगायची. ते घरी आले त्या दिवशी मी किती वर्षांनी देवापुढे बसलो आणि विष्णुसहस्रनाम पूर्ण म्हटलं. हे तुला माहीत नाही, कारण मी कळवलं नाही. तुला जे माहीत आहे ते एवढंच, की भाऊबीजेनंतरच्या रविवारी तू रडवेल्या आवाजात फोन केलास, "दादा, यांना अँजिओग्राफी सांगितली आहे," आणि तुझा सख्खा भाऊ म्हणाला,

"अच्छा! वा, बढिया!"

तू म्हणालीस, "दादा?"

आणि मी म्हणालो, "बिल्कुल! या वयात काहीतरी छंद हवाच माणसाला. फोटो पाठवा म्हणावं."

अहिल्ये, मला 'फोटोग्राफी' ऐकू आलं होतं.

हस. आता हसायला हरकत नाही. मुरलीधररावांनाही सांग, त्यांच्या छातीला सोसेल एवढा विनोद आहे.

गेलं वर्षभर मला ऐकू कमी येतंय. मी ते कुणाला कळू दिलं नाही, असा माझा समज होता. दिल्लीने मला त्यासाठी एक शब्द दिला होता: 'अच्छा'. प्रश्न, बातमी, तक्रार, निरोप, कशालाही चालतो. आवाज चढवला की आश्चर्य, उतरवला की सहानुभूती. कळलं नाही की 'अच्छा', फारच कळलं नाही की 'बिल्कुल'. पाणिनीला सापडला असता तर त्याने अव्ययांत सगळ्यांत वर बसवला असता. ऑफिसात या दोन शब्दांवर माझी ख्याती वाढली. तुझ्याशी मात्र ते पुरले नसते. तू एका वाक्यात चार माणसं आणि तीन गावं आणतेस.

ते पुरले याचं कारण चेतना. रविवारी तुझा फोन आला की ती मटार नाहीतर मेथी घेऊन समोर बसायची. फोन स्पीकरवर टाका म्हणायची, हात मोकळे नाहीत पण अहिल्येचं ऐकायचंय. आणि तू काही बोललीस की आपणच आश्चर्य वाटल्यासारखं मोठ्याने म्हणायची, "अगंबाई, कुसुमावतीकाकूंनी दारातला आंबा तोडला?" मला वाटे, काय ही बाई, दुसऱ्याच्या फोनमध्ये लुडबुड करते! मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "असू दे. मला सवय आहे." ती तुझं एकेक वाक्य मला उचलून देत होती, हे माझ्या ध्यानात यायला भाऊबीजेनंतरचा तो रविवार यावा लागला.

त्या रविवारी ती सोसायटीतल्या बायकांबरोबर पानिपतला ब्लँकेटं आणायला गेली होती. इतिहासात प्रथमच मराठी माणसं पानिपतहून सुखरूप, सामानासकट परत आली. पानिपत झालं ते घरी बसलेल्याचं.

तुझ्याकडून फोन कट झाला तेव्हा मला वाटलं, लाइन गेली. संध्याकाळी चेतना आली आणि ब्लँकेटाची पिशवी न सोडताच म्हणाली, "अहिल्येचा मेसेज आलाय. मुरलीधरभावजींच्या हृदयाचं काहीतरी निघालंय. आणि ती विचारतेय, दादाला आमच्या घरचं काहीच वाटत नाही का?"

मी म्हटलं, "तू सांग ना तिला."

"मी कशाला? तुमची बहीण, तुमचे कान."

पुढच्या रविवारी तुझा फोन वाजला. तो मला स्पष्ट ऐकू आला. उचलायचा धीर झाला नाही. त्यानंतरच्या रविवारी तो वाजलाच नाही, आणि मी तरीही त्याच्याशेजारी बसून राहिलो. इथे आलो तेव्हा कोपर्निकस मार्गावरच्या त्या पीसीओच्या खोक्यात उभं राहून मी तुला फोन करायचो, आठवतं? बाहेर रांग, आत मी, आणि तू म्हशीचं रेडकू कसं दिसतं ते सांगते आहेस. मागचा सरदारजी काचेवर टकटक करायचा. मी त्याला खुणेने सांगायचो, घरी फार महत्त्वाचं काही चाललंय. तेव्हापासून रविवार चुकला नव्हता. लग्नं झाली, अण्णा गेले, शेताच्या वाटणीत तुझं माझं वाजलं, त्या रविवारीसुद्धा तू फोन केलास आणि वाटणी सोडून सगळं बोललीस. हे टिकलं ते माझ्यामुळे नव्हे. घरी फोन आल्यापासून तो नेहमी तूच करत आलीस, मी फक्त उचलला. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आमच्या पिढीतल्या भावांना ते रूप कुणी चालवायला शिकवलंच नाही.

शेवटी प्रतीक मला ओढून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कानाला यंत्र लावून मला बटण दाबायला लावलं आणि म्हणाल्या, "अंकल, स, श, ये सब आवाज़ें पहले जाती हैं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, इनको ऊष्म वर्ण कहते हैं."

"जी, जो भी कहते हैं, आपको सुनाई नहीं देते."

म्हणजे स्वर अजून माझ्याकडे आहेत. श, ष, स रजेवर गेलेत आणि जाताना आणखी काही व्यंजनांना घेऊन गेलेत. बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज आधी गळतात म्हणे. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. त्यांतून कुकरची शिट्टी आणि शेजारच्या गाडीचा हॉर्न फार सुरेख ऐकू येतो, माणसांचं बोलणं अजून चाळणीतून येतं. सवय होईल म्हणतात. रविवारी व्हिडिओ कॉल कर. तुझे ओठ दिसले की माझं निम्मं काम होईल. आणि यावेळी चेतनाला मी उघडपणे शेजारी बसवणार आहे, मटाराशिवाय.

आता एक राहिलं. ते विनोदाने सांगता येईल का ते बरंच पाहिलं, जमत नाही.

काल जेवताना चेतना आणि प्रतीक कशावर तरी पोट धरून हसले. मी विचारलं, काय झालं? पुन्हा विचारलं. प्रतीक म्हणाला, "कुछ नहीं, बाबा." चेतनाही डोळे पुसत म्हणाली, "काही नाही हो." त्यांनी ते दुष्टपणाने केलं नाही. इतकी लहान गोष्ट तिसऱ्यांदा ओरडून सांगण्यासारखी नव्हती, एवढंच. मोठ्या गोष्टी मला सांगतीलच सगळे. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं लग्न, कोण गेलं, हे कुणीतरी कानाशी येऊन ओरडेल. पण तुझं दही का लागलं नाही, मुरलीधररावांनी नर्सला काय टोमणा मारला, काकूंनी आंबा तोडून मग उरलेल्या बुंध्याशी बसून कशी माफी मागितली, हे कोण ओरडून सांगतं? आणि आपल्यात, अहिल्ये, इतकी वर्षं याखेरीज होतं काय?

मला बहिरेपणाची भीती वाटत नाही. एखाद्या रविवारी मी विचारीन, "काय म्हणालीस?" आणि तू थकून म्हणशील, "काही नाही रे, दादा." मला त्याची भीती वाटते.

तुझा,
दादा